ओहोटीचा वास बर्गनमध्ये

नॉर्वेतल्या बर्गन शहरातला माझा पहिला हिवाळा. प्रयोगशाळेच्या टेबलावर समुद्रतळातून काढलेली गाळाची लांब नळी ठेवली होती. आम्ही तिला कोअर म्हणतो. ती उभी चिरली आणि खोलीभर वास सुटला. सहकारी खिडकी उघडायला धावला, मी मात्र तिथेच उभी राहिले. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी खाडीवरून येतो तोच तो वास. चिखलात प्राणवायू संपला की कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, मग तो चिखल ठाण्याच्या खाडीतला असो की नॉर्वेच्या समुद्रातला. त्या दिवशी परकं शहर मला पहिल्यांदा ओळखीचं वाटलं.

सध्या तीन आठवडे सुट्टीवर ऐरोलीत आहे आणि जो भेटेल तो विचारतो, ‘तू तिथे नेमकं करतेस काय?’ म्हणून हे लिहायला घेतलं. जिथे तेल-वायू काढायचा प्लॅटफॉर्म, समुद्रातली पवनचक्की, पाइपलाइन किंवा केबल बसवायची असते, तिथला तळ आम्ही तपासतो. तो घसरेल का, खचेल का, त्यात वायू कोंडला आहे का, हे बघतो. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा आणि त्याखालच्या थरांचा नकाशा काढायचा, मग कोअर काढून चिखलाची ताकद मोजायची. यातले बरेच दिवस डेकवर पावसात जातात. बर्गनचा पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, पण थांबतही नाही.

हे काम सगळ्यात लवकर कळलं ते बाबांना. ते बॉम्बे हायवर होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टर. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं. परवा जेवताना ते जॅक-अप रिगबद्दल, म्हणजे विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या, पायवाल्या मंचाबद्दल सांगत होते. असा रिग जागेवर आला की आपले पाय तळावर टेकवतो आणि टाक्यांत समुद्राचं पाणी भरून स्वतःचं वजन वाढवतो. याला प्रीलोड म्हणतात. वादळात जेवढा भार येईल तेवढा आधीच देऊन बघायचा. ‘त्या वेळी डेकवर कुणी फारसं बोलत नसे,’ बाबा म्हणाले. त्याचं कारण मला आता नीट माहीत आहे. वर घट्ट थर आणि खाली मऊ चिकणमाती असेल तर पाय वरचा थर फोडून एका झटक्यात खाली जातो आणि रिग कलतो. आम्ही याला पंच-थ्रू म्हणतो.

माझ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र स्टोरेग्गाची आहे. या नॉर्वेजियन नावाचा अर्थ मोठा कडा. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी नॉर्वेच्या पश्चिमेला समुद्राखालचा उतार घसरला. घसरलेला गाळ जवळपास ३,००० घनकिलोमीटर होता. मी हिशेब करून पाहिला: आजच्या ठाणे जिल्ह्यावर तो सारखा पसरला तर सातशे मीटर जाडीचा थर होईल. त्यातून उठलेली त्सुनामी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर २० मीटरहून वर चढली. तिने आणून टाकलेली वाळू तिथल्या दलदलीच्या मातीत अजून दिसते.

आणि उतार किती होता? जेमतेम एखादा अंश. म्हणजे सत्तावन्न पावलं चाललात तर एक पाऊल खाली. सपाटच म्हणाल.

मग तो घसरला कसा? हिमनद्यांनी मऊ सागरी चिकणमातीवर भराभर गाळ आणून टाकला. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. वरच्या वजनाचा मोठा वाटा ते अडकलेलं पाणीच पेलू लागलं, त्यामुळे मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटत गेली. खाडीकाठी ज्यांनी भराव पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रकमागून ट्रक मुरूम ओतला की शेजारचा चिखल फुगून वर येतो. स्टोरेग्गालाही तसाच ताण साठला होता, बहुधा एका भूकंपाने शेवटचा धक्का दिला. घसरण खालून सुरू झाली आणि एकेक कप्पा सुटत वर सरकली.

आता खरा प्रश्न. १९९७ मध्ये याच घसरणीने मागे सोडलेल्या घळीच्या पोटात ओर्मेन लांगे हा मोठा वायुसाठा सापडला. तिथे विहिरी खोदायच्या? अनेक वर्षांच्या अभ्यासातून उत्तर मिळालं की जो मऊ गाळ घसरायचा तो गेला आहे, आणि तेवढा पुन्हा साचायला नवं हिमयुग यावं लागेल. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं. धोका आणि जोखीम हे दोन शब्द आपण सहज एकमेकांऐवजी वापरतो. माझं सगळं काम त्या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. धोका तळात असतो. तो जागा होण्याची शक्यता किती आणि झाला तर कोणाचं काय जाईल, यावर जोखीम ठरते.

उलटं उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं. २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाच्या लाटांनी मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचा मऊ तळ हलला, चिखल घसरला आणि एक प्लॅटफॉर्म आडवा झाला. विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या. गळणारं तेल गोळा करणारी यंत्रणा २०१९ मध्ये बसली, तोवर ते समुद्रात जात राहिलं. या प्रकरणाचे अहवाल वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

काल बाबांना घेऊन दिवा कोळीवाड्यातल्या ओळखीच्या काकांच्या होडीतून खाडीत गेले. पाणी उतरत होतं, निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. एका जागी बारीक बुडबुडे येत होते. काका म्हणाले, ‘इथं नांगर टाकाचा नाय. खालचा चिखल धरत नाय.’ चिखलात कुजून तयार झालेला मिथेन. अशाच उथळ वायूच्या जागा आम्ही जहाजावरून शोधतो, कारण पाया घालताना किंवा विहीर खोदताना तो अचानक सुटला तर माणसं मरतात. काकांना तो कोणत्याही यंत्राशिवाय माहीत होता. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, वडलांनी दाखवलेला.

मग त्यांनी बांबू बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो बुडबुड्यांशेजारी उभा धरून नुसत्या हाताने दाबला. साडेतीन हात आत गेला. दहा पावलांएवढं पुढे जाऊन पुन्हा दाबला, तिथे दीड हातावर अडला. दोन्ही आकडे माझ्या वहीत बाबांनीच लिहिले, खाली तारीख आणि ओहोटीची वेळ घातली.