पाटीवरची अक्षरे

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, त्या रात्री सोलापुरातल्या आमच्या घरात कोणीही झोपले नव्हते. मोहोळ तालुक्यात नदीकाठच्या गावी मामा राहतात आणि त्यांचा फोन संध्याकाळपासून लागत नव्हता. दहाच्या बातम्यांत एका स्थानिक वाहिनीने एक छायाचित्र दाखवले: देवळाच्या शिखराला टेकलेले पाणी, पत्र्यावर बसलेली माणसे आणि शेजारी अर्धे बुडालेले किराणा दुकान. ते पाहताच आई मटकन खाली बसली.

मला त्या दुकानाची पाटी खटकली. मी मोबाइलवर चित्र मोठे केले आणि म्हटले, “आई, ही पाटी वाच बरं.” तिने चष्मा लावून दोनदा प्रयत्न केला. शिरोरेघ होती, काना-मात्राही होत्या, पण एकही शब्द लागत नव्हता. ते चित्र संगणकाने रचलेले होते. पहाटे मामांचा फोन आला. पाणी गोठ्यापर्यंत येऊन थांबले होते आणि जनावरे त्यांनी आदल्या दिवशीच माळावर हलवली होती. वाहिनीने चित्र काढून टाकले, मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर मी अशी प्रकरणे शोधून वाचू लागले. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने सप्टेंबर २०११ मध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी आणि ब्रिटनविरुद्ध लढणारी आयर्लंडमधली सशस्त्र संघटना आयआरए यांच्या संबंधांवरील माहितीपटात, १९८८ साली हेलिकॉप्टर पाडल्याचे म्हणून जे दृश्य दाखवले, ते ‘आर्मा २’ या व्हिडिओ गेममधले निघाले. ऑफकॉम या नियामक संस्थेने जानेवारी २०१२ मध्ये वाहिनीला दोषी ठरवले. डेन्मार्कच्या टीव्ही २ वाहिनीवर २०१३ मध्ये सीरियाच्या युद्धाची बातमी चालू असताना निवेदकामागे दमास्कस शहर म्हणून जे चित्र झळकत होते, ते ‘असॅसिन्स क्रीड’ या गेममधले, म्हणजे बाराव्या शतकातले कल्पित दमास्कस होते. आपल्याकडेही सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी विमानांनी हल्ला केल्याची म्हणून काही वाहिन्यांनी जी दृश्ये दाखवली, ती ‘आर्मा ३’ या गेममधली होती. या गेमच्या निर्मात्यांनाच नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढून अशी दृश्ये कशी ओळखावीत हे सांगावे लागले: चित्र अस्पष्ट आणि हलते असते, बहुधा अंधारातले असते, आवाज नसतो आणि हालचाल करणारी माणसे सहसा दिसत नाहीत.

या प्रकरणांतली एक गोष्ट मला फार लागते. १९८८ चा तो हल्ला खरोखर झाला होता, सीरियात माणसे खरोखर मरत होती आणि सीनेचा पूरही खराच होता. आमच्या गल्लीत मात्र त्या चित्राचा बोभाटा झाल्यावर, पुराची खरी छायाचित्रे पाहूनसुद्धा लोक “हेही तसलंच असेल” असे म्हणू लागले, आणि ज्यांच्या घरात खरोखर पाणी शिरले होते त्यांना आपलेच हाल पटवून द्यावे लागले. हे छायाचित्र कोणी, कोणत्या गावात आणि केव्हा काढले, एवढे तीन प्रश्न विचारायला वृत्तकक्षात एक फोन पुरला असता.

मी वाहिनीला पत्र लिहिले आहे. ज्या दहाच्या बातम्यांत ते चित्र दाखवले, त्याच बातम्यांत आणि तेवढाच वेळ ते खोटे असल्याचे सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. कारण सीनाकाठी माहेर असलेल्या माझ्या आईसारख्या किती जणी त्या रात्री त्या पडद्यासमोर बसल्या असतील.