काकांची मान अन् आउटलायर

नागपूरच्या धंतोलीत आमचं एमआरआय सेंटर. ट्यूमरच्या ऑपरेशनआधी हात चालवणारा मेंदूचा भाग नेमका कुठे ते दाखवायला फंक्शनल स्कॅन करतो, 20 सेकंद उजव्या हाताची बोटं हलवा, 20 सेकंद थांबा, असं चार मिनिटं, अन् दर 2 सेकंदांनी अख्ख्या मेंदूचा एक फोटो, एकूण 120. पेशंट काटोलकडचे काका, एकदम गरीब माणूस. सॉफ्टवेअर चालवलं, आउटलायर, म्हणजे डोकं हलल्याने बाद झालेले फोटो, दहा-बारा टक्के, चालतंय म्हणून हिरवी टिक. रेसिडेंट डॉक्टर म्हणे मॅप मस्त आलाय, पाठवून द्या.

मी आधी डोक्याच्या हालचालीचा ग्राफ उघडतो. (नव्या पोरांना रंगीत मॅप दिसला की काम झालं, ग्राफकडे कोण पाहतं!) डोक्याची हालचाल सहा आकड्यांत येते, तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे. दोन फोटोंमध्ये ते किती बदलले त्याची बेरीज, वळणं 50 मिमी त्रिज्येच्या गोलावर धरून मिलिमीटरमध्ये आणायची, म्हणजे मान एक अंश वाकली तरी 0.87 मिमी. पॉवर नावाचा संशोधक अन् त्याच्या सहकाऱ्यांचं 2012 चं हे माप. आमच्याकडे अर्ध्या मिमीच्या वर गेला की फोटो बाद, अन् त्याच्या जागी आजूबाजूच्या फोटोंवरून अंदाजाने भरलेला.

काकांच्या ग्राफमधले काटे, म्हणजे एकदम वर गेलेली टोकं, बरोब्बर दर दहाव्या फोटोला. तेही मान खाली-वर होण्याच्या रेघेत, बाकी रेघा जवळपास सपाट. मग ट्यूब पेटली. हेडफोनवर "सुरू करा" म्हटलं की काका मान हलवून होकार देत होते, "थांबा" म्हटलं की परत. म्हणजे बाद झालेले सगळे फोटो नेमके टास्क बदलतानाचे, जिथून सिग्नल चढायला लागतो तिथलेच. किती फोटो बाद हे सॉफ्टवेअर सांगतं, कुठले ते टास्कशेजारी मांडून दाखवत नाही, याचा मला खरंच राग येतो.

परत स्कॅन म्हटल्यावर रेसिडेंटचं तोंड वाकडं, बाहेर लाइन लागलेली. काकांना समजावलं तर म्हणतात, "साहेब, तुम्ही सांगून राहिले अन् मी काहीच नाही म्हणायचं?"

मग आवाजच बंद केला. सिस्टर आत उभ्या राहिल्या, डाव्या पायाला हात लावला की सुरू, परत लावला की बंद. पायाचा भाग मेंदूच्या मधल्या फटीत, हाताचा बाहेरच्या बाजूला, त्यात डावा पाय म्हणजे उजवा मेंदू, ट्यूमर डावीकडे, त्यामुळे घोळ नाही. कपाळावरून, डोक्याभोवती असते त्या कॉइलच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावली, मान हलली की कातडी ओढली जाते, माणूस आपसूक थांबतो. यावेळी ग्राफ सपाट.

अन् आता खरी गंमत. दोन्ही मॅप शेजारी ठेवले तर हाताचा ठिपका जवळपास एकाच जागी, पहिल्यात कडेकडेने फालतू रंग जास्त, एवढंच. रेसिडेंट म्हणतो, बघा, काय फरक पडला? बोटांचा सिग्नल दांडगा असतो, तो तग धरतो, हे मी त्याला सांगितलं. भाषेच्या टास्कला सिग्नल एवढा जोरात नसतो, तिथे असाच पेशंट आला तर हिरव्या टिकवर भरवसा ठेवशील का विचारलं, तर पठ्ठ्या पुढच्या पेशंटची फाइल उघडून बसला.