भुताच्या सिनेमाने तारलेला आमचा तंबू

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातली थंडी आणि आमच्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत रात्री बाराचा शो. बाहेर तमाशाच्या फडात ढोलकी कडाडतेय, आत लोक घोंगड्या पांघरून जमिनीवर बसलेत. बाबा मशीनवर, आई तिकिटाला आणि मी पडद्याच्या मागे. 'ए' सर्टिफिकेटचा सिनेमा असला की बाबा पोरांना आत घेत नसत, मलाही नाही. मग मी दोरखंडांत दडून मागच्या बाजूने बघायचो. नावं उलटी दिसायची, पण भीती सरळ छातीत यायची.

बाबा अहमदपूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. 1979 साली त्यांनी जुनं 35 एमएम मशीन, जनरेटर आणि कनाती जमवून स्वतःचा तंबू काढला. पहिली वर्षं ओढाताणीची गेली. मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सिनेमाच्या धंद्यात आपला भाग 'निजाम' टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या त्या विभागात, मोडतो. मोठ्या नटाची प्रिंट शहरं फिरून, चरे पडून आमच्यापर्यंत यायची; भाडं मात्र नटाच्या नावाचं लागायचं.

1985 च्या यात्रेला एका वितरकाने ठरलेली प्रिंट ऐनवेळी दिली नाही. अ‍ॅडव्हान्सही अडकला. तंबू तर ठोकून झालेला. बाबा वणवण फिरले तेव्हा हाती लागली ती भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'ची प्रिंट. स्वस्तात मिळाली, नाइलाजाने लावली. दुसऱ्या रात्रीपासून कनातीला माणसं टेकून उभी राहायला लागली.

आमच्याकडे एकच मशीन. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, मग पुढचं चढवेपर्यंत पडदा काळा. मारामारीच्या सिनेमाला एवढ्यात शिट्ट्या, शिव्या, "ओ मालक, झोपलाव का?" भुताच्या सिनेमाला मात्र चिडीचूप. मग एखादी म्हातारी हळूच बोलायची, "आमच्या शिवारात पिंपळावर मुंजा हाय बघा." तिकडून कुणी चकव्याची गोष्ट काढायचं, कुणी विहिरीवरच्या हडळीची. माणसं सरकून एकमेकांना चिकटून बसायची. मशीनच्या दिव्यातल्या दोन कार्बनच्या कांड्या जवळ आणून बाबा पुन्हा ठिणगी पाडायचे, पांढराशुभ्र झोत पडायचा आणि सगळा तंबू एकदम श्वास सोडायचा. मला वाटतं, ह्या सिनेमांची ओढ तिथेच आहे. त्यांत मोठा नट नसतो, त्यामुळे शेवटी कोण वाचणार हे आधी सांगता येत नाही. आणि भीती ही एकट्याने विकत घ्यायची वस्तू नाही. माणूस सोबत घेऊनच येतो.

हे सिनेमे कसे बनायचे ते कळल्यावर माझा आदर वाढला. रामसेंचा 1970 चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक दचकत होते. भावांनी नेमकं तेवढंच धरलं आणि 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला जाऊन सुमारे 40 दिवसांत उरकला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनावर, दोघे दिग्दर्शनाला. पैसा नाही म्हणून धूर, निळा-लाल प्रकाश आणि करकरणारा दरवाजा. अमेरिकेतही तेच. 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं; कृष्णधवल चित्रात ते चालून गेलं. घरच्या माणसांवर धंदा चालवणाऱ्याला ही जिद्द लगेच ओळखू येते.

ह्या सिनेमांतल्या अंघोळीच्या सीनचं मात्र मी समर्थन करणार नाही. ते पोस्टरवर टाकून गर्दी खेचायची रीतच होती. बाबांनी तशी पोस्टरं लावली नाहीत, म्हणून आमच्याकडे बायका येत राहिल्या.

एका रात्री ऐन रंगात फिल्म मशीनच्या गेटमध्ये, दिव्यासमोरच्या खाचेत, अडकली. पडद्यावर राक्षसाच्या गालावर तपकिरी फोड आला, फुगला आणि चेहराच वितळला. बाबांनी झटकन शटर पाडलं, जळालेला तुकडा कापून फिल्म-सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावणाने, जोड मारला. बोटं भाजली होती. बाहेर कुणी पैसे परत मागायला आलं नाही.

पुढे रिळं यायची बंद झाली. 2014 मध्ये कर्ज काढून डिजिटल प्रोजेक्टर घेतला. लग्नं, गणेश मंडळं, कॉलेजची गॅदरिंग यांवर आता घर चालतं. यात्रेतला तंबू वर्षातून दोनदाच लागतो, पण बाराच्या शोला सिनेमा भुताचाच असतो.

डिजिटलला रीळ बदलावं लागत नाही. तरी त्या शोला मी सिनेमा दोनदा थांबवतो, तीन-तीन मिनिटं, दिवे न लावता. गेल्या वर्षी पहिल्यांदा थांबवला तेव्हा कॉलेजच्या पोरांनी आधी मोबाईलचे टॉर्च लावले. मग एकेक टॉर्च विझत गेला आणि मागून कुणीतरी सुरू केलं, "आमच्या शेताकडं एक पडका वाडा हाय..."