आमची वाटचाल: रसवंती, पार्लर आणि मधला करार

आर्णीच्या बसस्टँडजवळची आमची रसवंती मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केली. उन्हाळाभर उसाचा रस, एरवी चहा, लस्सी, सोडा. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या, बाजाराला आलेले खेड्यापाड्यांतले लोक बसायचे. लग्नानंतर हिशेबाची वही माझ्याकडे आली. पुढे शेजारचा गाळा रिकामा झाला, तेव्हा तिथे आइस्क्रीम पार्लर काढायचं आम्ही ठरवलं. नाव चाललेल्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, म्हणजे तिच्याच नावाने तिचाच माल विकायचा परवाना घेतला, तर गिऱ्हाईक लवकर जमेल, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं.

आज रसवंतीही आहे आणि पार्लरही आहे. दोन्ही टिकले याचं श्रेय मी करारावर सही करण्याच्या आधीच्या काळाला देते. दिग्रस, दारव्हा, घाटंजीकडची पोरं आता आमच्याकडे विचारायला येतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम, आधीच भरलेलं असतं. म्हणून वाटचालीतला हाच टप्पा सविस्तर लिहिते आहे.

कंपनीचा माणूस आला तो रंगीत पुस्तिका घेऊन. महिन्याची अंदाजे विक्री, भांडवल किती दिवसांत सुटेल, सगळं छापलेलं. जागा ‘अडवून ठेवण्यासाठी’ बुकिंगची रक्कम भरा, ती परत मिळणार नाही, कराराचा मसुदा नंतर मेलवर येईल, असं तो म्हणाला. यांनी सरळ सांगितलं, आधी मसुदा, मग पैसे. तो थोडा नाराज झाला, पण मसुदा आला. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला आपली सगळी माहिती सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी लेखी द्यावी लागते. तिथे अशी माहिती आधी देण्याचा नियम 1979 पासून आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा, ट्रेडमार्कचा 1999 चा कायदा, असे चार कायदे मिळून काम भागतं. त्यामुळे मागितल्याशिवाय कोणी काही दाखवत नाही, आणि मागण्यात संकोच कसला? कंपनीचं नाव खरंच तिच्या मालकीचं आहे का, हे आम्ही ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर पाहिलं. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते, आइस्क्रीम तिसाव्या वर्गात येतं. नोंदणी झालेली असणं आणि नुसता अर्ज केलेला असणं यात फार फरक आहे, आणि नोंदणी 10 वर्षांची असते, म्हणून तारीखही पाहावी.

मसुदा यवतमाळच्या एका वकिलांकडे नेला. त्यांनी एक सवय लावली. प्रत्येक कलमाखाली पेन्सिलीने लिहायचं: याचे आर्णीत किती रुपये होतात आणि ते कोणत्या महिन्यात द्यावे लागतात.

पहिला अडसर रॉयल्टीचा, म्हणजे कंपनीचं नाव वापरण्याच्या मोबदल्याचा निघाला. विक्रीवर 5 टक्के, पण दर महिन्याला किमान 8,000 रुपये. वाचायला काही वाटत नाही. दोन लाखांची विक्री झाली तर रॉयल्टी 10,000 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत, तेव्हा त्या 1,800 चं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, आम्हाला मिळत नाही, तो खर्चच. शिवाय ही टक्केवारी विक्रीवर, नफ्यावर नव्हे. तेवढं परवडत होतं. घोळ पुढे होता. मिरग लागला की इथला पैसा बियाण्यात आणि खतात जातो, तो पोळ्यापर्यंत हातात येत नाही. त्याच दिवसांत ऊनही नसतं. ऑगस्टमध्ये 40,000 ची विक्री धरली तर 8,000 म्हणजे थेट 20 टक्के झाले! गाळ्याचं भाडं आणि फ्रीजरचं लाइटबिल त्याच्या वर.

मामाजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, “कंपनीचं साल जानेवारीत सुरू होत असन, आपलं दसऱ्याले होते. हे त्याइले सांग.”

मी तेच सांगितलं, पण वही उघडून. रसवंतीचा मागच्या काही वर्षांचा गल्ला महिन्यावार मांडला. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीत, मग कापूस आणि तूर, चैत्र-वैशाखात लग्नसराई, आणि पावसाळ्यात गल्ला कोरडा. त्यांच्या नागपूरच्या अधिकाऱ्यांनी तो तक्ता नीट पाहिला, हे मला मनापासून नोंदवावंसं वाटतं. किमान रॉयल्टीचा हिशेब महिन्याऐवजी वर्षावर करायचं मान्य झालं. आमच्या दृष्टीने अख्ख्या करारातला हाच सगळ्यात मोठा बदल. शहरातल्या दुकानाला त्याची गरज पडत नसेल, कापसाच्या पट्ट्यात तो नसेल तर पार्लर दुसरा पावसाळा पाहत नाही.

दुसरं कलम तर रसवंतीच्याच मुळावर येत होतं. करार चालू असेपर्यंत फ्रँचायझीधारकाने ‘अन्य कोणतेही खाद्य वा पेय’ विकायचं नाही. ओळखीतले सांगत, असली कलमं कोर्टात टिकत नसतात, करा सही. वकिलांनी थांबवलं. करार कायद्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं, हे खरं. करार संपल्यावरही धंदा करू नका, अशी अट त्यामुळे सहसा टिकत नाही. पण करार चालू असतानाची अट वेगळी. 1995 साली गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फ्रँचायझीच्या मुदतीतलं असं बंधन धंद्याला आडकाठी ठरत नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे सही केली असती, तर मामाजींचा चरक आम्हीच बंद केला असता. शेवटी कराराला परिशिष्ट जोडलं: शेजारच्या गाळ्यातली रसवंती हा आधीपासूनचा स्वतंत्र धंदा, काउंटर वेगळं, बिलबुक वेगळं. कोणते पदार्थ चालतील त्यांची नावंसुद्धा लिहून घेतली.

हद्दीचं कलम छान दिसत होतं. आर्णी शहरात दुसरं पार्लर देणार नाही, असं लिहिलेलं. पण पार्लर देणार नाही म्हणजे माल देणार नाही असं नव्हे. समोरच्या किराणा दुकानात कंपनीचाच फ्रीजर बसला तर तेच फॅमिली पॅक तिथेही मिळणार. पूर्ण बंदी मिळाली नाही, ठरावीक अंतरात नवा फ्रीजर देणार नाही इतकं मिळालं. त्यावर आम्ही समाधान मानलं.

आता मालाचं. मसुद्यात होतं की डेपोतून गाडी निघाली की जोखीम आमची. मालविक्रीच्या 1930 च्या कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकीबरोबर जोखीम जाते. इथे वेगळं ठरवून ती डेपोच्या दारातच आमच्या गळ्यात टाकली होती. मे महिन्यात विदर्भातल्या रस्त्यावर उणे 18 अंशांचा माल आणायचा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. विरघळून पुन्हा गोठलेला कप उघडला की ओळखू येतो. वर बर्फाचे खडे, मध्ये खळगा, आणि चमचा घातला की रवाळ लागतं. आता गाडी आमच्या दारात उघडते, माझे दीर खोक्यांमध्ये थर्मामीटर घालतात, आकडा मालाबरोबर आलेल्या चलनावर लिहितात आणि मगच सही करतात. तोवरची जोखीम कंपनीची.

सुरक्षेसाठी सही केलेले कोरे चेक मागितले होते, ते मात्र आम्ही दिले नाहीत, त्याऐवजी अनामत वाढवून दिली. चेक न वटल्यास चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कोऱ्या चेकवर आकडा कोण टाकणार हे आपल्या हातात राहत नाही. करार संपल्यावर अनामत किती दिवसांत परत, फ्रीजर कोण उतरवून नेणार, उरलेला माल परत घेणार का, हे सगळं सुरुवातीलाच लिहून घेतलं. सुरुवातीला दोन्ही बाजू गोड असतात, तेव्हाच ते लिहिलं जातं. वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादापुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या मध्यस्थापुढे जायचं, तेही मुंबईत, आणि लवाद नेमणार एकटी कंपनी, असंही होतं. ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याने एकतर्फी एकटा लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलेलं आहे. ते दाखवल्यावर नेमणूक दोघांच्या संमतीने आणि ठिकाण नागपूर झालं.

सगळंच मिळालं असं नाही. दुकानाची रंगरंगोटी आणि बोर्ड कंपनी सांगेल तेव्हा आमच्या खर्चाने बदलायचा, हे कलम तसंच राहिलं. आम्ही त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाकतो.

यंदा कराराची मुदत संपते आहे. नूतनीकरणाचा मसुदा आला आहे आणि त्यात नूतनीकरण फी नव्याने घातली आहे. बोर्डाच्या खर्चाला वरची मर्यादा आणि वीज गेलेल्या काळात खराब झालेल्या मालाच्या नुकसानीची वाटणी, या दोन गोष्टी आम्ही त्याबदल्यात मागितल्या आहेत. वार्षिक हिशेबाचं कलम शब्दशः तसंच आहे का, ते मी जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं. आहे.