शिगम्याचा दुसरा रोल: ११ मिनिटं की १३?

फोंड्याच्या शिगम्यात रोमटामेळाचे, म्हणजे ढोलांच्या मिरवणुकीचे, दोन रोल काढले होते, ४०० आयएसओचे, ब्लॅक अँड व्हाइट. घरीच धुवायचे म्हणून डी-७६ या डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) पूड विरघळवून बाटलीत भरून ठेवली. रीळ चढवणं, फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन), धुणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायचं यापाशी, आणि महिनाभर अडलं.

फिल्म कंपनीच्या तक्त्यात दोन ओळी आहेत. आयडी-११, पाण्यात एकास एक: १३ मिनिटं. डी-७६, एकास एक: ११ मिनिटं. दोन्ही २० अंशांना. डी-७६ हे १९२७ सालापासूनचं सूत्र: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. आयडी-११ म्हणजे तेच सूत्र, नाव दुसरं. पाणी न घालता वापरलं तर हाच तक्ता दोघांनाही साडेसात मिनिटं देतो. मग नुसतं पाणी घातल्यावर दोन मिनिटं कुठून वाढली?

फिल्म जिथून मागवली त्या दुकानाला मेल केला. आठवड्यानं एका ओळीचं उत्तर आलं: ‘तक्त्याप्रमाणे करा.’ अहो, तक्त्याबद्दलच तर विचारतोय! पुन्हा लिहिलं, तक्त्याचा फोटो जोडला. तीन आठवडे काही नाही. मला अजूनही याचा राग आहे. रोमटामेळ वर्षातून एकदाच येतो, बिघडलेला रोल पुन्हा कुठून काढणार?

शेवटी एक जादा रोल खर्ची घातला. अंगणातलं तुळशीवृंदावन आणि मागची चिऱ्याची भिंत, सगळ्या फ्रेम एकाच एक्स्पोजरवर. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) त्याचे अंदाजे तीन तुकडे केले आणि ११, १२, १३ मिनिटं धुतले. निगेटिव्हचा सर्वांत गडद भाग छापील वर्तमानपत्रावर ठेवायचा; खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर बरोबर. ११चा तुकडा झकास होता. १३ला वृंदावनाचा चुना पार ठोकळा झाला होता.

म्हणून शिगम्याचा पहिला रोल ११ मिनिटं धुतला, आणि तो फिका आला. तीच बाटली, तेच तापमान, तोच टँक (फिल्म धुण्याचा बंद डबा). ढोलवाल्यांच्या चेहऱ्यांना उठावच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उत्तर सापडलं ते डी-७६च्या माहितीपत्रकात, बारीक अक्षरांत. ३६ फ्रेमचा एक रोल एकास एक द्रावणात धुवायचा तर द्रावण ४७३ मिली हवं. २३७ मिलीच्या टँकमध्ये धुतलात तर वेळ सुमारे १० टक्के वाढवा. माझा टँक ३०० मिलीचा, म्हणजे त्यात मूळ डेव्हलपर फक्त १५० मिली. बारा फ्रेमच्या तुकड्याला तो पुरला, अख्ख्या रोलला थकला. ही एक ओळ तक्त्यात ११च्या शेजारी छापली असती तर माझा रोल वाचला असता. टँक हलवण्याच्या रीतीही फिल्म कंपनी आणि डी-७६वाली कंपनी, दोघींच्या वेगळ्या: पहिलीचं दर मिनिटाला पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटा, दुसरीचं दर ३० सेकंदांनी ५ सेकंद हलवा. एक रीत धरा आणि ती सोडू नका. चाचणी घ्याल तर तुकड्यावर नको, पूर्ण रोलवर घ्या. महाग पडतं, पण तुकडा फसवतो.

आणि हो, तापमान. आमच्या न्हाणीतल्या नळाचं पाणी तेव्हा २९ अंश होतं. बर्फ थेट द्रावणात टाकू नका, पिशवीत बांधून बाल्दीत टाका आणि टँक पूर्ण वेळ त्याच बाल्दीत ठेवा, नाहीतर डेव्हलपर शेवटापर्यंत २० अंशांवर राहत नाही. थंड न करता वेळ कमी करून भागवायचा मोह होतो. पण पाच मिनिटांच्या खाली गेलात की डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच बाल्दीत आधी गार करून ठेवा.

दुसरा रोल १२ मिनिटं धुतला. न्हाणीच्या दोरीवर टांगून पहिली फ्रेम खिडकीकडे धरली. ढोलाच्या कातड्यावरची बोटं मोजता येत होती. लगेच आईला हाक मारली.