मेजरची नाडी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की आमच्या टीएमटीच्या (चालत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायच्या) खोलीबाहेर सडसडीत माणसांची रांग लागते. मिनिटाला नाडी ४८, ४५, एखाद्याची ४२. मशीन इसीजीच्या माथ्यावर 'सायनस ब्रॅडीकार्डिया', म्हणजे नाडी संथ, असं छापतं, माणूस घाबरतो आणि मी सांगते, "काळजी नको, खेळाडूचं हृदय आहे, सरावानं नाडी कमी होते." बारा वर्षं हे वाक्य मी वाटत आलेय. एकाला दिलेलं परत घ्यावं लागलं, तेव्हापासून ते तोंडातून सहज निघत नाही.

मेजर गेल्या वर्षी नेहमीच्या तपासणीला आले होते. (आमच्याकडं पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजर, हे हवालदार म्हणून निवृत्त.) माण तालुक्यातले, वय ५३, वजन ८२. नव्वदच्या दशकात लष्कराकडून १०,००० मीटर पळायचे, तीस मिनिटांच्या आत. तेव्हा वजन ५५. खाणं मात्र सुटलं नाही, असं स्वतःच पोटावर हात मारून म्हणाले. नाडी ४१ आली. ललिता बाबरच्या तालुक्यातला धावपटू म्हटल्यावर मला नको तेवढं कौतुक वाटलं आणि मी माझं वाक्य त्यांच्या हातावर ठेवलं. खूश झाले. "पळायचो तेव्हा सकाळची ३८ असायची, ताई." रोज अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची त्यांची सवय, आजही चालू. डॉक्टरांनी माथ्यावरची छापील ओळ वाचून सही केली. डॉक्टर तेवढीच ओळ वाचतात.

पळणं कधी सोडलं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. २००६ मध्येच सोडलं होतं, गुडघ्यापायी.

यंदा ते चक्कर येते म्हणून आले. टीएमटी लिहून दिली होती. आमच्या वॉर्डबॉय मामांनी छातीवरचे केस काढले, मी स्पिरिट लावून गॉजनं कातडी लाल होईपर्यंत घासली. घाई करणारे टेक्निशियन नेमकं हेच टाळतात आणि मग घाम आला की इलेक्ट्रोड सुटून आलेख सापासारखा वळवळतो. लोकही भरपेट जेवून, चपला घालून येतात आणि पट्टा सुरू झाला की समोरचा दांडा असा धरतात की जणू एसटीत उभे आहेत.

मेजरनी दांड्याला हात लावला नाही. तिसऱ्या टप्प्यात पट्टा १४ टक्के चढाचा होतो, वेग ताशी ५.४ किलोमीटर. बाकीचे तिथं वाकून ओढत चालतात. हे पळू लागले. टाच टेकत नव्हती, कोपर अंगालगत, खांदे सैल. पोट हलत होतं, पण त्याखाली ते पाय वेगळ्याच माणसाचे वाटत होते. मामाही काम सोडून बघत राहिले.

स्क्रीनवर नाडी ९७. या वयाला १६७ पर्यंत जायला हवी, १४० तरी. ती ९७ वरच अडकली होती. आठव्या मिनिटाला दम लागून थांबले. पट्टा थांबला, मी खुर्ची सरकवली आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. ३.२ सेकंद. वाचताना हे काहीच वाटत नाही. समोर उभं राहून बघा. "अंधारी आली," म्हणाले, आणि लगेच हसले.

२४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा इसीजी, लावला. त्यासोबत आम्ही रोजनिशीचा कागद देतो, काय करत होता, काय वाटलं ते वेळेसह लिहायचं. दहातले आठ तो कोरा आणतात. मेजरचा कागद छापल्यासारखा होता: 'दुपारी ४.१०, पाणी पाजताना, अंधारी.' मशीनमध्ये ४.१० लाच ४.८ सेकंदांचा खंड. जोडी जुळल्यावर वाद उरला नाही. पेसमेकर बसला.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, सराव सुटला की नाडी काही महिन्यांत वर येते. अठरा वर्षं न पळणाऱ्याच्या ४१ ला खेळाडूचं हृदय कसं म्हणायचं? बरोबर होतं. सही त्यांचीच होती, हे मी बोलले नाही. घरी गेल्यावर मात्र वाचत बसले. २००२ साली इटलीतल्या संशोधकांनी सराव सोडलेल्या ४० अव्वल खेळाडूंची हृदयं पुन्हा तपासली होती. जाड झालेल्या भिंती पूर्ववत झाल्या होत्या, पण ९ जणांचा डावा कप्पा मोठाच राहिला होता. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ६२ माजी सायकलपटूंची गोल्फ खेळणाऱ्यांशी तुलना झाली. हृदयातल्या, नाडीचा ठेका देणाऱ्या गाठीचा आजार, म्हणजे मेजरचाच, सायकलवाल्यांत १६ टक्के, गोल्फवाल्यांत २. ते सायकलवाले, मेजर पळणारे. आणि कधीच न पळालेल्यांनाही हा आजार होतोच. म्हणून "पळालो म्हणून झालं का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी इलेक्ट्रोडच्या वायरी गुंडाळत बसले.

तीन महिन्यांनी पेसमेकर तपासायला आले तेव्हा वही सोबत होती. पेसमेकर नाडी ६० च्या खाली जाऊ देत नाही. पानभर सकाळच्या नाड्या: ६०, ६०, ६०. मध्ये एका दिवशी ६४, त्याभोवती लाल पेनानं गोल.

"त्या दिवशी माझं मीच चाललं होतं ना, ताई?"