सोमवारी राजमा, शुक्रवारी मासळी

सोमवार, न्यू ऑर्लीन्स

क्रिओल म्हणजे अमेरिकेतल्या या शहराची खास खाद्यपरंपरा. ते जेवण जेवायला साधी खानावळ गाठावी की पांढऱ्या टेबलक्लॉथचं रेस्टॉरंट, हे खिसा पाहून ठरवलं की फसगत होते. आधी पदार्थ ठरवावा. पातेल्यात तासन्‌तास मुरणारं ते खानावळीत खावं. आचेवरून उतरल्यावर दोन मिनिटांत बिघडणारं ते भारी ठिकाणी.

आज सोमवार, म्हणजे लाल राजमा-भात. पूर्वी हा धुण्याचा वार. बायका पातेलं मंद आचेवर ठेवून कपडे धुवायला बसत. रविवारच्या हॅमचं हाडही त्यातच जाई. खानावळींत सोमवारचा बेत अजून हाच असतो. अर्धा किलो राजमा रात्रभर भिजवतात. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतून लसूण, तमालपत्र घालतात आणि दोन-तीन तास शिजू देतात. शेवटी थोडे दाणे पातेल्याच्या कडेला डावाने चेचले की रस दाटतो. ताटात पाणी एकीकडे नि दाणे एकीकडे दिसले, तर घाई झालेली असते. इतक्या वेळानेही दाणा कडकच राहिला, तर राजमा जुना.

गंबो, म्हणजे भाताबरोबर खायचा दाट रस्सा, दोन्हीकडे मिळतो, म्हणून आधी एक कपच मागवावा. त्याचा जीव रूमध्ये: तेल आणि मैदा सारख्या मापाने घेऊन चॉकलेटी रंग येईपर्यंत पाऊण तास ढवळायचं. काळे ठिपके दिसले की ते सगळं टाकूनच द्यावं, कारण कडवटपणा मागाहून निघत नाही. रू जितका गडद, तितका दाटपणा कमी. म्हणून भेंडी किंवा फिले, म्हणजे सॅसफ्रासच्या पानांची पूड. फिले आचेवरून उतरवल्यावरच घालायची. उकळली की तार सुटते.

भारी ठिकाणी गंबोवर पोट भरू नये. गॅलटॉयर्स या १९०५ पासूनच्या रेस्टॉरंटमध्ये सुफ्ले, म्हणजे फुगवलेले, बटाटे आणि ट्राउट मासळी घ्यावी. बटाट्याच्या तीन मिलिमीटरच्या चकत्या आधी मध्यम, मग कडक तेलात तळतात. दुसऱ्या तळणीत त्या फुगतात आणि ताटात लगेच बसतात. हे सांभाळायला पुरेसे हात लागतात, पैसे त्याचेच. तिथली शुक्रवारची दुपार प्रसिद्ध आहे. संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी दिवसभर पुरुषांना जॅकेट लागतं. बिलावर १८ ते २० टक्के टिप धरावी.

डूकी चेज या रेस्टॉरंटपाशी मात्र ही विभागणी मोडते, आणि मला ती जागा सर्वांत मोलाची वाटते. १९४१ मध्ये ट्रेमे भागात सँडविचचं दुकान म्हणून ती सुरू झाली. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या रेस्टॉरंटांत प्रवेश नव्हता, त्या काळात इथल्या शेफ लीआ चेज यांनी इथे त्यांच्यासाठी टेबलक्लॉथ अंथरले, भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रं लावली. नागरी हक्क चळवळीच्या बैठका माडीवर होत.

शाकाहारी माणसाने तिथल्या हिरव्या गंबोच्या नावावर जाऊ नये. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तो अनेक पालेभाज्यांचा करतात, पण त्यात सॉसेज आणि हॅमही असतं. राजम्याचंही तेच. मांस नुसतं बाजूला काढून चालत नाही, रसच त्याचा असतो. ऑर्डर देण्याआधीच विचारावं.